साक्षीदार हॉवर्ड आणि प्रेषित हॉवर्ड

सर अल्बर्ट हॉवर्ड यांचा ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला, आणि सेंद्रिय शेतीचे अभिमानी आजही त्याकडे धर्मग्रंथाकडे पाहावें तसे पाहतात. नांवापासूनच त्यास तसा ध्वनि आहे. आमच्या मतें या ग्रंथांत दोन हॉवर्ड वावरतात : एक पाहिलेलें सांगणारा साक्षीदार, दुसरा न पाहिलेलेंही ठासून सांगणारा प्रेषित.

साक्षीदार मोठा रसाळ आहे. १९०५ सालीं ते बिहारांतील पुसा येथें वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. भोंवतालच्या कुणब्यांचीं पिकें औषधांवांचून निरोगी राहतात हें त्यांनीं पाहिलें, आणि शेतकरी व किडी यांनाच आपले प्राध्यापक मानलें. (प्राध्यापकींत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हा शेजार किंचित् झोंबतो, पण निवड योग्य होती.) पुढें १९२४ पासून इंदूरच्या संस्थेंत त्यांनीं खताची प्रसिद्ध रीति बसविली. कपाशीच्या पळकाट्या गाड्यांच्या चाकांखालीं चुरडावयाच्या. पाला, शेण, गोठ्यांतील मुताची माती व राख यांचे थर खड्ड्यांत द्यावयाचे. ओल व हवा सांभाळून ढीग मधून मधून उलथावयाचा. म्हणजे सुमारें तीन महिन्यांत खत तयार. आपला उकिरडाही याच द्रव्यांचा, परंतु उन्हापावसांत त्याचें बरेंचसें सत्त्व उडून व वाहून जातें. या रीतीवरील १९३१ सालच्या पुस्तकावर हॉवर्डांच्या जोडीनें यशवंत वाड हें नांव आहे. इंदूर-पद्धतीचे गोडवे गाणाऱ्या मराठी लेखकांनाही तें सहसा आठवत नाहीं, याचें आम्हांस वैषम्य वाटतें.

आतां प्रेषिताकडे वळूं. किडी व बुरशी हे निसर्गाचे परीक्षक असून ते केवळ दुर्पोषित पिकावर किंवा अयोग्य जातीवरच येतात, असा त्यांचा सिद्धान्त. यांत अंश सत्याचा आहे. नत्र मात्रेबाहेर दिल्यास लुसलुशीत पानांवर मावा माजतो, हें शेतकरी जाणतो. पण टोळधाड खत पाहून शेत निवडीत नाहीं. शिवाय ‘अयोग्य जाति’ ही पळवाट ठेवल्यावर प्रत्येक अपयश खतावर नाहीं तर बियाण्यावर ढकलतां येतें. जो सिद्धान्त कशानेंही खोटा ठरूं शकत नाहीं, त्यास शास्त्र कसें म्हणावें?

त्याहून मोठें वैगुण्य असें कीं, किडीच्या शत्रूंना या विचारांत फारसें स्थानच नाहीं. १९२६ सालीं दक्षिण हिंदुस्थानांत आणलेल्या एका कोचिनील किड्यानें फड्या निवडुंगाचीं रानें फस्त केलीं. १९२९ सालीं निलगिरींत एका खवले किडीवर ढालकिडे सोडण्यांत आले. हीं उदाहरणें ग्रंथाच्या आधींचीं, आणि त्यांचा खड्ड्यांतील खताशीं संबंध नाहीं. नैसर्गिक कीडनियंत्रण म्हणून आज जें चालतें त्याचा पुष्कळसा भाग याच वाटेनें आला आहे.

खताच्या बाबतींतही असेंच. मुळांशीं सहवास करणाऱ्या बुरशीला त्यांनीं महत्त्व दिलें, ही त्यांची दूरदृष्टि. मात्र ती बुरशी पचवून मूळ पोसतें ही त्यांची कल्पना मागें पडली असून, ती मुख्यतः स्फुरद आणून देते असें आज मानतात. कडधान्यांच्या मुळांवरील गांठींतले जंतु हवेंतील नत्र बांधतात. आमच्याकडील बेवडाचें बरेंचसें मर्म त्यांत आहे. पण स्फुरद हवेंत नसतो. जंतु मातींत अडकलेला स्फुरद मोकळा करतील, नवा निर्माण करणार नाहींत. ज्वारीचें पोतें बाजारांत गेलें कीं त्याच्याबरोबर तो शेतांतून गेलाच. शहरचा मळ शेताला परत मिळावा असें हॉवर्ड म्हणतात खरे, परंतु तो मिळेपर्यंत शेतकऱ्यानें काय करावें?

हा प्रश्न पुस्तकी नव्हे. २०२१ सालीं श्रीलंकेच्या सरकारनें रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली; भाताचें उत्पन्न घटलें, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत बंदी मागें घ्यावी लागली. हा दोष हॉवर्डांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल, कारण इंदूरचा साक्षीदार खड्डा भरावयास गुरें, पाला, पाणी, माणसें आणि तीन महिने मागतो. म्हणून ग्रंथ उघडणाऱ्यानें इंदूर-पद्धतीचीं प्रकरणें प्रथम वाचावीं, आणि रोगांविषयींचीं प्रकरणें हातांत पेन्सिल घेऊन.