चारा-गवतांचे मूल्यमापन आणि उत्पादनातील सातत्य : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

चारापिकांच्या वाणांची शिफारस करताना बहुधा हेक्टरी हिरव्या चाऱ्याच्या टनांवर भर दिला जातो. अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्यासाठी हा निकष अपुरा ठरतो. संकरित नेपियरच्या हिरव्या वजनात सुमारे चार-पंचमांश पाणी असते. कापणी लांबविली की वजन वाढते, परंतु खोडाचे प्रमाण वाढून प्रथिने घटतात. त्यामुळे उत्पादन एका कापणीचे आणि प्रत दुसऱ्या कापणीची, असे कोष्टक शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य मानता येत नाही.

बहुवर्षायू गवतांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. बाजरी व हत्ती गवत यांच्या संकरातून निर्माण झालेले नेपियर त्रिगुणित असल्याने वांझ असते. त्याची लागवड ठोंबांनी होते आणि एकदा लावलेले शेत काही वर्षे मोडले जात नाही. साहजिकच निवडीतील चूकही तितकीच वर्षे शेतात उभी राहते. पावसाळ्यातील एक-दोन कापण्यांवरून केलेली निवड थंडीत वाढ मंदावलेल्या व उन्हाळ्यात पाण्यावाचून सुकणाऱ्या त्याच ठोंबाविषयी काहीही सांगत नाही. कापणीगणिक वाणांचा क्रम टिकतो की उलटतो, हे पाहिल्याविना सरासरीला अर्थ नाही.

स्थिरता मोजण्यासाठी एबरहार्ट आणि रसेल यांची १९६६ ची पद्धत सर्रास वापरली जाते. तीत उच्च सरासरी, एकच्या जवळचा प्रतिगमन गुणांक व अत्यल्प विचलन असलेला वाण आदर्श ठरतो. असा वाण चांगल्या वर्षी वाढतो, तसाच वाईट वर्षी घसरतोही. २०१८-१९ च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढा भागांत चारा छावण्या उभारल्या गेल्या. तेथील पशुपालकाला हवा असतो तो वाईट वर्षी कमी घसरणारा वाण. सरासरी समाधानकारक असेल, तर एकपेक्षा कमी गुणांक येथे गुणच मानावयास हवा.

मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेल्या मालदांडी ३५-१ चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९३० च्या दशकातील हा वाण रब्बी ज्वारीच्या चाचण्यांत अद्याप तुलनेसाठी घेतला जातो. शेतकऱ्याने तो केवळ धान्यासाठी जपला नाही. कडब्याची प्रत आणि हमी त्याने आपल्या परीने तोलली होती. दख्खनच्या माळरानावरील मारवेल गवताच्या निवडीही ओलिताच्या वाफ्यांत न पारखता मुरमाड जमिनीत, किमान तीन पावसाळे आणि त्यांतील प्रत्येक कापणीच्या शुष्क पदार्थासह प्रथिने नोंदवून पारखणे आवश्यक आहे.