एका प्रासादाचे दोन दरवाजे

बार्सिलोनातला कॅटलन सरकारचा प्रासाद पाहायला जाणारे बहुतेक लोक त्याच्या तोंडासमोर जाऊन उभे राहतात आणि मान डोलावून परततात. सान्त जाउमे चौकाकडचे हे तोंड पेरे ब्लाय याने १५९६च्या सुमारास रचायला घेतले. खांब, त्रिकोणी माथ्यांच्या खिडक्या, वर घुमट : रोमकडे डोळे लावून बसलेल्या माणसाचे हे काम आहे. प्रमाणबद्धतेत खोट काढता येत नाही. पण पाहुण्यांसमोर ठेवणीतला पोशाख घालून बसलेल्या गृहस्थासारखे ते अवघडलेले वाटते. मौज अशी, की ते रचले तेव्हा समोर आजचा चौक नव्हताच. तिथले सान्त जाउमे चर्च १८२३ नंतर पाडले गेले, तेव्हा कुठे या भिंतीला दुरून न्याहाळण्याजोगी जागा मिळाली.

खरा प्रासाद बाजूच्या बिशपच्या गल्लीत आहे. तिथे मार्क साफोंतने १४१८च्या सुमारास दुसरे दार केले. उंच, जवळजवळ मोकळी भिंत. माथ्यावर नाजूक कठडा. आणि त्यात पेरे जोआनने कोरलेला, घोड्यावरून राक्षसी सर्पाला भोसकणारा संत जॉर्ज. मुंबईचे बोरीबंदर स्टेशन आणि राजाबाई मनोरा पाहिलेल्या आपल्याला गॉथिक म्हणजे भरगच्च कोरीव काम वाटते. पण ते एकोणिसाव्या शतकाने आठवून आठवून उभारलेले गॉथिक. इथे कलावंताला गप्प राहणे साधले आहे. चौकाकडच्या दर्शनी भागावरही एकोणिसाव्या शतकात आंद्रेउ आलेउचा अश्वारूढ संत जॉर्ज बसवला गेला. संत तोच, पण हा पुतळा वाटतो आणि गल्लीतला लढताना दिसतो. (याच गल्लीवरचा जो कमानदार पूल सगळे हौसेने टिपतात तो १९२८चा. जुनेपणाचे सोंग म्हणून तो झकास आहे!)

आत गेल्यावर साफोंतचा जिना पाहावा. अंगणाच्या एका कडेने तो अधांतरी चढतो, आणि दगड इतका हलका कसा झाला असे क्षणभर वाटते. पुढे सोळाव्या शतकातले संत्र्याच्या झाडांचे अंगण. ते वरच्या मजल्यावर आहे, याचेच मला सर्वांत कौतुक.

मात्र या सौंदर्याखालची जमीन निष्पाप नाही. सरदार, धर्मगुरू आणि शहरे यांच्या प्रतिनिधींच्या मंडळाने १४०० साली इथले पहिले घर घेतले ते यहुद्यांच्या वस्तीत. आणि त्याआधी नऊच वर्षे, १३९१मध्ये, त्या वस्तीत कत्तल झाली होती. साफोंतची शांत भिंत पाहताना हे विसरून रसग्रहण करणे मला तरी जमत नाही.

ब्लायच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या भिंतीला जीव आला तो माणसांमुळे. १४ एप्रिल १९३१ रोजी फ्रान्सेस्क मासिया यांनी तिच्या सज्जातून कॅटलन प्रजासत्ताकाची घोषणा केली. ६ ऑक्टोबर १९३४ला लुईस कोम्पानिस तिथेच उभे राहिले; रातोरात सैन्याच्या तोफा आल्या आणि सकाळी शरणागती झाली. १९४०मध्ये फ्रँकोच्या राजवटीने त्यांना गोळ्या घातल्या. १९७७मध्ये परदेशातून परतलेल्या जुसेप ताराडेयास यांनी त्याच सज्जातून जमावाला सांगितले, ‘मी आलो आहे.’ सज्जासमोर चौक नसता तर हे शब्द कुणी ऐकले असते? गल्लीतल्या सुंदर दाराला हे काम झेपण्यासारखे नव्हते.

सज्जामागच्या संत जॉर्जच्या दालनाची कथा निराळी. १९१०च्या दशकात तिथे टोरेस-गार्सियाने शांत, फिकट रंगांची भित्तिचित्रे काढली. पुढे प्रिमो द रिवेराच्या हुकूमशाहीत ती झाकून टाकली आणि वर राजनिष्ठ इतिहासाचे भडक देखावे आले. झाकलेली चित्रे १९६०च्या दशकात भिंतीवरून सोडवून याच प्रासादाच्या दुसऱ्या दालनात नेण्यात आली. ते दालन आता त्या चित्रकाराच्या नावाने ओळखतात.