‘इकॅरस’ : पडद्यावरचे भोक आणि बाटलीतले मीठ

खेळातील उत्तेजक द्रव्यांविषयी मुलांना काही दाखवावे असा विषय निघाला, की ब्रायन फोगेल यांच्या ‘इकॅरस’ (२०१७) या माहितीपटाचे नाव पुढे येते. २०१८ साली त्याला ऑस्कर मिळाले. आम्ही तो विज्ञानशिक्षकाच्या नजरेने पुन्हा पाहिला.

सुरुवात प्रयोगाने होते. हौशी सायकलपटू असलेले फोगेल स्वतःच उत्तेजके टोचून घेतात. आदल्या वर्षी शर्यतीत ते चौदावे आले होते. औषधे घेऊन सत्ताविसावे येतात, कारण सायकलचे गिअर बिघडतात! एकच माणूस आणि तुलनेला कोणी नाही. नववीचा विद्यार्थीही याला प्रयोग म्हणणार नाही.

मग मॉस्कोच्या चाचणी-प्रयोगशाळेचे संचालक ग्रिगोरी रॉडचेन्कोव्ह येतात आणि चित्रपटाला सूर सापडतो. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशियन खेळाडूंच्या लघवीच्या बाटल्या रात्री प्रयोगशाळेच्या भिंतीतल्या भोकातून पलीकडे जात. तिथे झाकणे उघडून, खेळाडूंनी आधीच देऊन ठेवलेली स्वच्छ लघवी भरली जाई. हे थरारक आहेच. पण त्या थरारात शास्त्राला फारसा वेळ मिळत नाही.

आपल्याकडे दुधातले पाणी लॅक्टोमीटरने ओळखतात. तशीच नमुना घेताना लघवीची घनता मोजून नोंदवतात. बदललेली लघवी त्या आकड्याशी जुळायला हवी, म्हणून तीत मीठ घातले गेले. (भेसळवाल्या गवळ्यालाही ही युक्ती ठाऊक असते, तो साखर घालतो!) रिचर्ड मॅकलॅरन यांच्या २०१६ च्या चौकशीत हेच मीठ अंगलट आले. काही नमुन्यांत त्याचे प्रमाण मानवी शरीरात शक्यच नाही इतके निघाले. आइस हॉकी खेळणाऱ्या दोन महिलांच्या नमुन्यांत पुरुषाचा डीएनए सापडला, आणि झाकणांच्या आत ओरखडे दिसले. म्हणजे कोणाच्या कबुलीवाचूनही बाटल्या बोलत होत्या.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक खटकली. ही सारी कहाणी आपण ती यंत्रणा चालवणाऱ्याच्या तोंडून ऐकतो. त्याचे धाडस मान्य. पण ज्यांना औषधे दिली गेली ते खेळाडू जवळजवळ मुकेच राहतात. त्यांना काय सांगितले होते, नकार देता आला असता का, हे आपल्या खेळाडू मुलांना कळायला हवे होते.

सुया टोचण्याची दृश्ये लहान वर्गांना नकोत. मोठ्यांना दाखवायचाच तर भोकाच्या प्रसंगापाशी थांबावे. टेबलावर पाण्याचे दोन पेले, मीठ आणि अंडे ठेवावे आणि विचारावे, नमुन्यात मीठ कशाला घातले असेल? ते कळले कसे, हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतील.