‘मुंबई दर्शन’ : एका यादीची समीक्षा

समीक्षा पुस्तकाची करतात. मी एका पत्रकाची करणार आहे. चार घड्यांचं, गुळगुळीत कागदाचं, एस.टी. स्टँडसमोर फुकट वाटतात तसलं. वर छापलंय : ‘एका दिवसात संपूर्ण मुंबई दर्शन’. लेखकाचं नाव नाही. पण लेखक आहे. यादीला लेखक नसतो असं ज्याला वाटतं, त्यानं गावातली कुठलीही यादी काढून बघावी. घरकुलाची काढावी, नाहीतर जत्रेत मान कुणाकुणाचा याची काढावी. यादी करणाराच ठरवतो गाव कुणाचं ते.

हे पत्रक माझ्या हातात येण्याचं कारण असं. आमच्या वस्तीतल्या अकरा माणसांचं ठरलं, एक दिवस मुंबई बघून यायची. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस हातकणंगल्याला धरायची, सकाळी दादरला उतरायचं, दिवसभर फिरायचं, रात्री परत त्याच गाडीनं. मुक्काम नाही, कारण मुंबईत आता आमचं कुणी नाही. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. नववीनंतर शाळा सुटली, वाचायची खोड सुटली नाही. म्हणून दिवस आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘तू कविता करतोस, तुला कळतंय,’ म्हणाले. कवितेचा आणि गाडीच्या वेळापत्रकाचा काय संबंध ते त्यांनाच ठाऊक.

अकरांत आज्जी आहे. सत्तरीच्या पुढची. आजोबा परळच्या एका गिरणीत एकवीस वर्षं होते. आज्जीनं मुंबई एकदाही बघितली नाही. खोलीत अठरा माणसं पाळीपाळीनं झोपायची, तिथं बायकोला कुठं नेणार? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजोबा ‘महिन्याभरात मिटतंय’ म्हणत ट्रंक खोलीवर ठेवून गावी आले. तो संप रीतसर मागं घेतला असं कधी झालंच नाही. ट्रंक तिकडंच राहिली.

आता पत्रक. गेटवे, वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजी अली, सिद्धिविनायक, सी लिंक, सिनेनटांचे बंगले (बाहेरून), जुहू चौपाटी. प्रत्येकापुढं एक विशेषण. भव्य, रमणीय, ऐतिहासिक. आमच्या खात्यात नीट चाललेल्या चातीकडं कुणी बघत नाही. धागा कुठं तुटला तिकडं नजर ठेवायची असते. मी यादी तशीच वाचली.

गेटवे ‘भव्य’. १९११ मध्ये इंग्लंडचा राजा बंदरावर उतरला, त्याची ही आठवण. पायाचा दगड १९१३ चा, उद्घाटन १९२४ चं. त्याच १९२४ साली याच मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिचं कार्यालय परळला दामोदर हॉलमध्ये. एक दार राजासाठी, एक आपल्यासाठी, साल एकच. पत्रकवाल्याला एकच दार दिसलं.

राजाबाई टॉवर ‘गॉथिक शैलीचा नमुना’. असेल. पण पैसा कुठला? प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्यानं देणगी दिली, मनोऱ्याला आईचं नाव दिलं. १८७८ साली तो पुरा झाला. आणि व्यापाऱ्याकडं पैसा आला कसा? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गुलामांनी पिकवलेला तिकडचा कापूस अडकला आणि आपल्याकडच्या कापसाचा भाव आभाळाला गेला. मी रोज आठ तास कापसाचं तूस छातीत ओढतो. मला हा मनोरा शैली म्हणून कसा दिसावा?

हँगिंग गार्डन ‘रमणीय’. फुलं, हिरवळ, झुडपं कापून केलेले प्राणी. त्या हिरवळीखाली मलबार हिलचा पाण्याचा साठा आहे, तो झाकायला वर बाग केली. पत्रकात पाण्याचा थेंब नाही. २० मार्च १९२७ ला ज्यांना महाडच्या तळ्यावर एका ओंजळीसाठी जावं लागलं, त्यांचा नातू त्या बागेत फुलं बघील, पण खालचं पाणीही त्याला आठवेलच.

नटांचे बंगले ‘बाहेरून’. म्हणजे बंद फाटकासमोर बस थांबणार आणि माणसं फाटकाचे फोटो काढणार. अरे, बंद फाटकंच बघायची तर परळ, लालबाग, लोअर परळ काय वाईट आहे? काही गिरण्यांच्या जागी तर मॉलसुद्धा झालेत. फिनिक्स मिल झाली तशी. तिथं वातानुकूलित दर्शन होईल.

या पत्रकानं कामगार गाळलाय. दुसऱ्या तऱ्हेच्याही याद्या असतात, परदेशी पाहुण्यांसाठी. त्यांत कामगार असतो, पण देखावा म्हणून. महालक्ष्मीच्या पुलावर उभं राहायचं आणि खाली धोबीघाटात माणसं कपडे आपटतात ते बघायचं. धारावीत गल्लीतून फिरवून आणायचं. एका यादीत आपण नाही. दुसरीत आहोत ते पिंजऱ्यातल्यासारखे. कुठली जास्त वाईट, मला ठरवता येत नाही.

आणि तो शब्द. दर्शन! दर्शन देवाचं घेतात. हात जोडायचे, पुढं सरकायचं, प्रश्न विचारायचा नाही. २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. त्या लोकांच्या पोरांनी आता शहराचंही दर्शन घ्यायचं का? आम्हाला मुंबई बघायची आहे. बघणं वेगळं. बघणारा बोट दाखवतो, हे कुणी बांधलं म्हणून विचारतो.

बघण्यावरून आम्ही पुष्कळ ऐकून घेतलंय. मी ६ डिसेंबरला चारदा दादरला गेलोय. एकदा डब्यात एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, ‘निघाले हे, फुकट मुंबई बघायला.’ मी पंचवीस तास उपाशी होतो. काही बोललो नाही. पण मनात हजारदा उत्तर दिलं : आम्ही अभिवादनाला जातो, मुंबई बघायला नाही. हे उत्तर मला बरेच दिवस बरोबर वाटत होतं.

त्याच रागात मी पत्रक फाडलं आणि स्वतःची यादी केली. चैत्यभूमी : ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर इथं अंत्यसंस्कार झाले. शेजारी इंदू मिल, तिच्या जमिनीवर स्मारकाची पायाभरणी २०१५ ला झाली. हिंदू कॉलनीतलं राजगृह, पुस्तकांसाठी बांधलेलं घर. परळची बी.आय.टी. चाळ, जिथं बाबासाहेब १९३४ पर्यंत राहिले. आजोबांच्या गिरणीचं फाटक. फोर्टात सिद्धार्थ कॉलेज, १९४६ चं. हुतात्मा चौक, जिथं कामगार आणि शेतकरी एकच मशाल धरून उभे आहेत. घाटकोपरला अण्णा भाऊंचं चिरागनगर. नागपाड्याचा कावाखाना, ‘बलुतं’ वाचून माहीत झालेला. आणि ‘गोलपिठा’तली कामाठीपुऱ्याची वस्ती. दहा ठिकाणं. प्रत्येकापुढं मीही एकेक विशेषण लावलं. पावन, ऐतिहासिक, क्रांतिकारी.

रात्री आज्जीला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, ‘समदं चांगलंय रं. पर ह्यात बसायचं कुटं?’

मी म्हटलं, म्हणजे?

‘म्हंजे बुड टेकायचं कुटं? भाकरी कवा खायाची? आमी बायकांनी लगवीला कुटं जायाचं? आनि मज्जा कवा करायची, का नुसतं हात जोडीत फिरायचं?’

माझ्या आयुष्यात माझ्या लिखाणावर झालेली ही सगळ्यांत नेमकी टीका. मी पत्रकवाल्याला म्हणत होतो, तुझ्या यादीत माणूस नाही. माझ्या यादीत तरी कुठं होता? सत्तरीची गुडघे दुखणारी बाई नव्हती. परळ, फोर्ट, नागपाडा, घाटकोपर एका दिवसात करायचे तर लोकलच्या पुलांचे जिनेच किती चढायचे, ते मी मोजलं नव्हतं. खाडा पडून बुडणारा रोज आणि अकरा माणसांची तिकिटं यांचा हिशेब नव्हता. मीही दर्शनच आखलं होतं. देव बदलले होते.

कामाठीपुऱ्याचं तर मला स्वतःलाच लाज वाटली. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. त्याच्या प्रस्तावनेत तेंडुलकर धसाळांबरोबर त्या वस्तीत फिरल्याचं लिहितात. पण तिथं दाखवणारा त्या वस्तीतला होता. मी अकरा माणसं घेऊन तिथं उभ्या बायांकडं बघत जाणार म्हणजे धोबीघाटाचा पूलच झाला. ते पुस्तक वाचायचं. बाया बघायला जायचं नाही. खोडलं.

आणि फुकट मुंबई बघण्याचं ते उत्तरही खोडलं. ‘आम्ही मुंबई बघायला येत नाही’ असं का म्हणायचं? का नाही बघायची? आजोबांनी एकवीस वर्षं या शहराला सूत कातून दिलं. गिरण्यांत १९२० च्या दशकात आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपली थुंकी लागली की दुसरे विणकर विटाळ मानत. विणकामात पगार जास्त, म्हणून जास्त पगारही बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं मांडला होता. ज्यांची थुंकी चालली नाही त्यांचा घाम चालला. तेव्हा आमचं बघणं फुकट नाही. आगाऊ पैसे भरलेत. समुद्रावर बसून भेळ खाणं हीसुद्धा हक्काची गोष्ट आहे, ती करताना कुणाला दाखला द्यायचा नाही.

तर आता ठरलेला दिवस असा. सकाळी दादर, चैत्यभूमी, आणि तिथंच वाळूत अर्धा तास. घाई नाही. मग स्टेशन ओलांडून राजगृह. तिथून टॅक्सी करून परळ, आजोबांच्या गिरणीचं फाटक. फाटकासमोर किती वेळ थांबायचं ते आज्जी ठरवील. मी तिथं भाषण करणार नाही. दुपारी मलबार हिल. भाकरी हिरवळीवर बसून, कारण सावली आहे आणि खाली पाणी आहे. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, दिवे लागेपर्यंत. मग बोरीबंदर, गाडी. प्रत्येक ठिकाणापुढं विशेषण नाही. त्या जागी लिहिलंय : संडास कुठं, पाणी कुठं, बसायला काय. गेटवे राहिला तर राहिला. राजा काही वाट बघत थांबलेला नाही.

मलबार हिल घेतली ती आज्जीच्या हट्टानं. फाडलेल्या पत्रकाचा एक तुकडा तिनं उचलला होता. त्यावर चित्र होतं. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, म्हातारीचा बूट, पोरं आत चढून वर जातात, गंमत आहे.

‘म्हातारीचा बूट?’ ती इतकी हसली की खोकला आला. ‘जल्मात माज्या पायाला बूट न्हाई. त्यो बघायचाच.’

जाऊन आल्यावर काय चुकलं ते पुढच्या अंकात लिहीन. तोवर दोस्तांनो, तुम्ही तुमच्या शहराच्या, तालुक्याच्या याद्या करून पाठवा. पाठवायच्या आधी घरातल्या म्हातारीला एकदा वाचून दाखवा.