लग्नापाशी थांबणारी कादंबरी

आटगावास आमच्याकडे फराळाची ताटे उचलली की पुस्तकांवर वाद सुरू होतो. गेल्या दिवाळीत धाकट्या पुतणीने विचारले, "काका, परधर्मातल्या किंवा परदेशातल्या माणसावर जीव लावणाऱ्यांना मराठी कादंबरी सुखाने संसार का करू देत नाही?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तो केवळ वाङ्मयाचा नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून घरातल्या सर्वांनाच उमगले होते.

बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. विधवांची दुःखे त्यात मोठ्या कळवळ्याने सांगितली आहेत. ते श्रेय कोणी नाकारू नये. परंतु यमुना ख्रिस्ती होते आणि मगच एका ख्रिस्ती तरुणाशी तिचा पुनर्विवाह होतो. दोन श्रद्धांनी एका छपराखाली कसे नांदावे, हा प्रश्न लेखकाने उरूच दिला नाही.

१९३९ साली विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' आले. चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची ही बोटीवरची प्रेमकथा आजही अजोड आहे. येथे धर्माचा उपदेश नाही. वंशद्वेषाने पेटलेले जग आहे. पण मुंबई येते, चक्रधर उतरतो, बोट हॅर्टाला घेऊन पूर्वेकडे निघते, आणि तिचा शेवट आत्मघातात होतो. एकीकडे बाप्तिस्म्याने प्रश्न मिटविला, दुसरीकडे मृत्यूने.

बेडेकरांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. त्या काळाच्या तोंडावर गोड शेवट चिकटविला असता तर तो खोटा ठरला असता. माझी तक्रार आहे ती तोच शेवट सोयीचा म्हणून उचलणाऱ्यांविषयी.

कादंबरीने टाळलेले काम एका आत्मचरित्राने केले. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले; लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळातील ताटातूट, आणि नवऱ्याकडे परतल्यावरही पाळलेले सोवळे, हे सारे 'स्मृतिचित्रे'त आहे. दोघेही एकाच जातीचे, एकाच भाषेचे. तरी श्रद्धा बदलताच चूल वेगळी झाली. पुढे ती पुन्हा एक झाली ती वादविवादाने नव्हे. रोजच्या सहवासाने, भांडणाने आणि हसण्याने. धर्म माणसाच्या स्वयंपाकघरात कसा राहतो, हे तेथे दिसते.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने दोघांनाही आपापला धर्म राखून लग्न करण्याची वाट मोकळी केली. कादंबरीकाराने आता लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून लिहावे. मुलाचे नाव कोणी ठेवावे? आजारपणात प्रार्थना कोणाची? गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळला नेवऱ्या होतात, आपल्याकडे दिवाळीला करंज्या. त्या दोन ताटांमधले अंतर मोजणे हेच खरे कादंबरीचे काम.

पुतणीला मी 'स्मृतिचित्रे' वाचावयास दिले. यंदा फराळाला ती एका पाहुण्यास घेऊन येणार आहे. करंज्या थोड्या जास्त करावयास मी घरात सांगून ठेवले आहे.