मूलपेशी : श्रेष्ठ कोणती, हा प्रश्नच अपुरा

‘नाळेतील मूलपेशी सर्वांत गुणकारी’ अशा धर्तीची वाक्ये जाहिरातींतून आणि आरोग्यविषयक लेखांतून वाचायला मिळतात. नांदेड-लातूरच्या शिकवणीवर्गांत चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याचा सराव झालेल्या विद्यार्थ्याला असले वाक्य चटकन पाठ होते. आमचा आक्षेप उत्तरावर नाही, प्रश्नावर आहे.

अस्थिमज्जा, चरबी, नाळ, वार, दाताचा गाभा या सर्वांतून एका प्रकारच्या मूलपेशी मिळतात. नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास त्यांची मदत होते ती मुख्यतः त्यांनी स्रवलेल्या प्रथिनांमुळे. ‘व्हीईजीएफ’ हे त्यांतले प्रमुख. ते शेजारच्या वाहिनीच्या अस्तरपेशींना विभाजनास व पुढे सरकण्यास प्रवृत्त करते.

2016 साली चिनी संशोधकांनी मज्जा, चरबी, नाळ आणि वार यांतील पेशींची तुलना केली. त्यात मज्जा व वार सरस ठरल्या, नाळ नव्हे! पण हाही निकाल जपूनच वाचावा. नाळ नवजात बालकाची असते, मज्जा बहुधा प्रौढाची. मग दिसलेला फरक ऊतीचा की वयाचा? एकाच ऊतीच्या दोन दात्यांतही फरक पडतो. पेटीतल्या हवेत ऑक्सिजन सुमारे 20 टक्के असतो, शरीरातील ऊतींत बराच कमी. आणि ऑक्सिजन घटला की व्हीईजीएफ वाढते. शिवाय बशीतल्या जेलवर अस्तरपेशींच्या नळ्या जुळणे वेगळे आणि कोंबडीच्या फलित अंड्याच्या पटलात रक्त वाहणारी वाहिनी फुटणे वेगळे. किती दाते, कोणत्या वयाचे, कोणती चाचणी, हे सांगितल्याशिवाय ‘श्रेष्ठ’ या शब्दाला अर्थ नाही.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. बीडी-तंबाखूच्या व्यसनातून होणाऱ्या बर्जर विकारात हातापायांच्या धमन्या बुजतात, बोटे कापावी लागतात. त्यासाठी मज्जेतील पेशींच्या एका भारतीय उत्पादनाला 2016 साली मर्यादित परवानगी मिळाली. ती त्याच्या स्वतःच्या रुग्णचाचण्यांवर, इतर ऊतींवर मात केल्यामुळे नव्हे. (तंबाखू सोडणे हा पहिला उपाय, हे वेगळे सांगायला नकोच.) याउलट भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्तविकारांत वापरल्या जाणाऱ्या रक्तजनक पेशी सोडल्यास मूलपेशी-उपचार अजून प्रमाणित मानलेले नाहीत.

नाळेतील रक्तात याच रक्तजनक पेशी असतात. वर तुलना केलेल्या पेशी नाळेच्या भित्तिकेतल्या. रक्त साठवण्याची जाहिरात करताना या दुसऱ्या पेशींचे गुण सांगितले जातात, तेव्हा वाचकाची सरळ दिशाभूल होते.