'वारसा' ह्या शब्दाचा घोळ : मुंबईतील आर्ट डेको वास्तूंच्या जतनासंबंधी

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालयासारख्या गॉथिक धर्तीच्या वास्तू आहेत, तर पश्चिमेस १९३० नंतर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको घरांची रांग आहे. २०१८ साली युनेस्कोने हा सारा समूह जागतिक वारसा यादीत घातला. त्यासंबंधीच्या लेखनात दोन्ही बाजूंना 'वसाहतकालीन' हे एकच विशेषण सर्रास लावले जाते. कालदृष्ट्या ते चूक नव्हे. पण ह्या विशेषणाने काल कळतो, कर्ता मात्र झाकला जातो. उच्च न्यायालय व जुने सचिवालय राज्यसत्तेने उभारले. समोरच्या भरावाच्या जमिनीवरील घरे प्रामुख्याने हिंदी धनिकांनी हिंदी वास्तुकारांकडून बांधून घेतली. 'इरॉस' चित्रपटगृह (१९३८) भेदवारांचे. फोर्टमधील न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत मास्टर, साठे व भुता ह्यांची असून तिच्या दर्शनी भागावरील श्रमिक स्त्रीपुरुषांच्या आकृती ना. ग. पानसरे ह्यांनी घडविल्या आहेत. ह्या वास्तूंना परकीय सत्तेचे अवशेष म्हणणारा आणि त्याच कारणाने त्यांना रम्य मानणारा, दोघेही एकाच चुकीचे धनी होत.

'आर्ट डेको' हे नावही मागाहून आलेले. ते रूढ झाले १९६८ नंतर. बांधणाऱ्यांच्या लेखी ही घरे केवळ 'नवीन' होती : सिमेंट-काँक्रीटची, उद्वाहनाची, गोलाईदार सज्ज्यांची. प्रशासकीय मराठीने त्यांस 'पुरातन वारसा' ह्या जोडशब्दात बसविले, हा विनोद कोणाच्या ध्यानी आलेला दिसत नाही.

खरा घोळ आहे तो 'वारसा' ह्या पदात. अरबी 'वारिस'पासून आलेल्या ह्या शब्दाला मराठीत वारस लागतोच. वारस नसेल ती वस्तू 'बेवारस'. 'हेरिटेज'चा प्रतिशब्द म्हणून तो योजताना मात्र वारस कोण, हे मोघम ठेवले गेले. आणि ह्याच इमारतींत तो शब्द निराळ्या अर्थाने नित्य वावरतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडले. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ लागला. पागडीचा व्यवहार फोफावला. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षास ४ टक्के वाढ दिली, ती मूळच्या तुटपुंज्या रकमेवर. परिणामी मालकास दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूस ती आपली वाटेना. एका सज्ज्याला असे दोन वारस असताना 'हा मानवजातीचा वारसा' म्हणणारा तिसरा दाखल होतो, तेव्हा पहिल्या दोघांनी कान टवकारले तर नवल नाही.

२०१२ साली महापालिकेच्या प्रस्तावित यादीत शिवाजी पार्क परिसर आला, तेव्हा नेमके हेच घडले. मैदानाभोवतीची दोनतीन मजली घरे हा मराठी मध्यमवर्गाच्या आधुनिकतेचा ठेवा. तरीही विरोध केला तो तेथील रहिवाशांनी आणि राजकीय पक्षांनीच. त्यांना सौंदर्यदृष्टी नाही, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला समितीची परवानगी हा आणखी एक अडसर वाटतो. उलटपक्षी, विरोधकांचा लाडका शब्द 'पुनर्विकास' हाही निष्पाप नाही. त्यातील 'पुनर्' फसवा आहे : पाडलेले काहीच पुन्हा येत नाही. येतो तो बुरूज, वाहनतळाच्या मजल्यांवर चढविलेला.

'जतन करणे' हे मराठीत आपल्या वस्तूविषयी बोलले जाते : लुगडे, पोथी, दागिना. हुकुमाने होते ते फार तर 'न पाडणे'. १९९५ च्या वारसा नियमावलीने बांधकामावर निर्बंध घातले आणि त्यामुळे ज्याचे नुकसान होईल त्या मालकास वा पट्टेदारास हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केले. साधा भाडेकरू त्या तरतुदीत कोठेच नाही. आणि बहुसंख्य घरांत प्रत्यक्ष राहतो तो तोच.